धरणाऱ्याचा हुंकार

बसमध्ये एका म्हाताऱ्यानं माझा डावा हात धरला आणि मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. म्हाताऱ्याची काही चूक नव्हती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तो पुढे कलंडला, हाताला जे सापडलं ते त्यानं धरलं. ते माझं मनगट निघालं. दांडा जवळ असता तर त्यानं दांडा धरला असता. मी वळून बघायच्या आत माझा उजवा हात गेला. मी पाठवला नव्हता, तो गेला. चष्मा सीटखाली पडला. म्हाताऱ्याचा खालचा ओठ फुटून रक्त आलं, हनुवटीवरून शर्टावर ठिपकलं, तेव्हा मला कळलं की हे आपण केलंय. बसमधले सगळेच ओरडायला लागले. "अहो, बापाच्या वयाचा माणूस आहे तो! लाज नाही वाटत?" एक बाई म्हणाली. कुणीतरी मागून माझी कॉलर पकडली. मी डावा हात पोटाशी दाबून उभा होतो, जसं काही रक्त त्यालाच आलंय. म्हाताऱ्यानं सीटखालून चष्मा काढला, डोळ्यांवर न लावता हातातच ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या हो. त्याचा हात दुखत असेल." त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पुढच्या स्टॉपला लोकांनी मला उतरवलं. कंडक्टरनं पाठीत एक रट्टा दिला. तो योग्य ठिकाणी पडला.

कामाची जागा अजून दोन स्टॉप लांब होती. चालत निघालो. उजव्या मुठीची हाडं सुजत होती, त्याचं मला काही वाटत नव्हतं. डाव्याला काही झालं नव्हतं आणि मी सारखा त्याच्याकडे बघत होतो. दर दहा पावलांनी बोटं उघडायची, मिटायची. हा हात मोडला त्याला सव्वा वर्ष झालं. पंजाची तीन हाडं आणि एका बोटाचं मधलं पेर. डॉक्टरनं शेवटचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, "हाड पहिल्यापेक्षा जाड जुळलंय. आता तुम्हीच भ्यालात तर त्याला माझ्याकडे गोळी नाही." त्याचं खरं होतं. हाडाला डोकं नसतं, ते जुळून मोकळं होतं. माझ्या डोक्यात मात्र घण रोज पडतो. शेजाऱ्याचं दार आपटलं, रस्त्यात टेम्पोची फळी खाली पडली, वरच्या मजल्यावर भांडं घरंगळलं, की हात पोटाशी जातो. आणि भीतीच्या मागोमाग राग येतो, तिच्या पावलावर पाऊल टाकून. गेल्या महिन्यात नळाची तोटी बोटाला लागली म्हणून मी बेसिन फोडलं. तव्यानं फोडलं. पहिल्या फटक्याला तडा गेला, तिथेच थांबता आलं असतं, पण मी त्याचे लहान लहान तुकडे होईपर्यंत मारत राहिलो आणि मग त्या तुकड्यांत बसलो. तेव्हापासून बादलीत तोंड धुतो. बायको असती तर म्हणाली असती, भांडण नळाशी, मारलं बेसिनला, हे तुमचं नेहमीचंच.

फोडणं हाच माझा धंदा आहे. आम्ही इमारती पाडतो. हल्ली बरंचसं काम यंत्र करतं, पण जिथे शेजारच्या भिंतीला भिंत चिकटलेली असते तिथे यंत्र चालत नाही. ते सगळं हादरवतं. अशा ठिकाणी आम्हाला बोलावतात. दोघांची जोडी लागते. एक जण गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी छिन्नी धरतो, दुसरा उभा राहून तिच्या डोक्यावर घण मारतो. घण आठ किलोचा, छिन्नी वीतभर. चिमट्यानं धरली तर काँक्रीटवर सरकते, म्हणून जुनी माणसं हातानंच धरतात. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्यानं छिन्नी पाव वळण फिरवायची, नाहीतर ती रुतून बसते. आधी फिरवायची, मग हात दगडासारखा ठेवायचा आणि मग "हं" म्हणायचं. धरणाऱ्याचा हुंकार आल्याशिवाय मारणारा घण खाली आणत नाही. आणि एकदा हुंकार आला की धरणाऱ्यानं हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी नाही, कारण घण हाताला लागत नसतो, हलणारा हात घणाखाली येत असतो. वीस घाव झाले की अदलाबदल. मारणाऱ्याला ठाऊक असतं की वीस घावांनंतर आपला हात तिथे असणार आहे. याहून मोठा करार मी माणसामाणसांत पाहिलेला नाही. लग्नातही नाही.

बावीस वर्षं मी हे काम केलं. त्यातली शेवटची सहा बायकोच्या भावाबरोबर. तीच म्हणाली होती, त्याला तुमच्या हाताखाली घ्या, परक्याच्या घणाखाली तुम्ही बसता तेव्हा मला घास जात नाही. म्हणून मेहुणा आला. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब, मारायला संथ. आणि सव्वा वर्षापूर्वी एका दुपारी त्याचा घण माझ्या हातावर पडला. आवाज फार झाला नाही. ओलं लाकूड पायाखाली मोडावं तसा. मी खाली बघितलं तर माझा हात छिन्नीला चिकटलेला, पण त्याचा आकार माझ्या ओळखीचा नव्हता. मेहुणा घण टाकून ओरडत होता, "चुकलो! दाजी, मी चुकलो!" सगळ्यांनी ते ऐकलं. मुकादमानं ऐकलं. घरी तिला तेच सांगितलं गेलं. मी काही बोललो नाही. माझा हात मोडलेला होता आणि मोडलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

तिनं भावाला दारातून परत पाठवलं. तो फळांची पिशवी घेऊन जिन्यात उभा होता. ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा हात मोडून वर फळं आणतोस? पुन्हा तोंड दाखवू नकोस." मी आत पलंगावर होतो, मधे एक पडदा होता. मला पडदा बाजूला करता आला असता, त्याला एक हात पुरला असता. पिशवी दोन दिवस पायरीवर होती, मग वास यायला लागला तेव्हा तिनंच उचलून टाकली. त्यानंतर तिचा सगळा जन्म माझ्या हातात गेला. सकाळी कोमट पाण्यात बोटं बुडवायची. एकेक बोट उलगडायचं. ती घरी शिवणकाम करायची, तिच्याकडे बटणांचा डबा होता. त्यातलं एकेक बटण डाव्या चिमटीनं उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचं, चुकलं की पहिल्यापासून. हाड जुळलं तेव्हा तिनं भीतीचा इलाज सुरू केला. माझा पंजा टेबलावर पालथा ठेवायला लावायची आणि शेजारी चार बोटांच्या अंतरावर लाटणं आपटायची. "हलवायचा नाही!" मी रोज हलवायचो. ती हसायची. "जगातला प्रत्येक नवरा लाटण्याला भितो, तुमचं काय मेलं नवल!" ती वाळत चालली होती, ते मला दिसत होतं. मी म्हणायचो, काय गं, जेवत नाहीस का. तर म्हणायची, तुमच्या हातातच माझं अंग गेलं सगळं. मी ते थट्टेवारी नेलं. पोटात गाठ होती. पाच महिने दुखत होतं आणि तिनं सांगितलं नाही, कारण घरात आजारी पडायची जागा मी अडवून बसलो होतो. एका सकाळी लाटणं पडलं आणि माझा हात हलला नाही. "बघा! आज नाही हलवलात!" तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तिला मी सांगितलं नाही की लाटण्याचा आवाजच झाला नव्हता. तिच्या हातात जोर उरला नव्हता. घावच नव्हता, तर हात कशाला हलेल?

इस्पितळात ती अकरा दिवस होती. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारची खाट. खाली सायकलींची शेड होती आणि तिथे मेहुणा रोज उभा असायचा. मला वरून त्याची टोपी दिसायची. वर येत नव्हता, कारण ताईनं तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं आणि तो सांगितलेलं ऐकणाऱ्यांतला. कुणी हुंकार दिल्याशिवाय तो काही करत नाही. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "तो आला होता का?" मी खिडकीपाशीच होतो. टोपी दिसत होती. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "रागावला असेल." आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते "नाही" मी का म्हटलं हे मला आजही पहाटे जाग आल्यावर आधी आठवतं, मग ती नाही हे आठवतं. तो वर आला असता तर दोघं बोलली असती. ती म्हणाली असती, असा कसा रे चुकलास, आणि तो सांगायला लागला असता, हात कुठे होता, हुंकार केव्हा आला, आणि सांगता सांगता त्याला आठवलं असतं. कारण तो चुकला नव्हता. चुकलो मी होतो. त्या दुपारी मी त्याची चेष्टा करत होतो. मेहुण्याची चेष्टा करायला कुणाची परवानगी लागत नाही. बघणारे चौघे होते, आणि हा संथ, म्हणून त्याला दमवायला मी भराभर हुंकार देत होतो. घाव पडायच्या आत "हं", छिन्नी नीट व्हायच्या आत "हं". "काय मेहुणे, झोप लागली का?" लोक हसत होते. आणि एकदा "हं" म्हणून झालं, घण निघाला, आणि माझ्या लक्षात आलं की छिन्नी फिरवायची राहिलीय. मी फिरवली. बावीस वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं, आणि तेही हसता हसता. त्याचा घण जिथे पडायला हवा तिथेच पडला. मधे माझा हात गेला.

कामावर पोचलो तेव्हा मुकादम गेटातच उभा होता. "काय हो, उशीर? आणि हात सुजलाय तो कुठला? हा तर चांगला होता!"

"बसमध्ये लागला."

आमच्यात एकाला सगळे भोंगा म्हणतात. तो ढिगाऱ्यावरून ओरडला, "जुना मोडका पुरला नाही, आता नवा मोडून आणलाय! चांगलंय, दोन्ही सारखे दिसतील!"

मुकादमानं मला बाजूला घेतलं. काल सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. "हे बघा, वर्षभर तुम्हाला धुळीवर पाणी मारायला ठेवलं. वहिनी गेल्या, मी एक शब्द बोललो नाही. पण पाणी मारणारा रस्त्यावर उभा राहिलं तरी मिळतो, धरणारा मिळत नाही. तो खांब पलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या भिंतीला लागून आहे. तिथे यंत्र लावता येत नाही. तुमच्या मेहुण्याचा जोडीदार दुसऱ्या कामावर गेला. आज बसा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. वाईट वाटून घेऊ नका."

"दुसरा मारणारा द्या."

"दुसरा कुठून आणू? आणि खरं सांगू का, त्याच्याइतका सरळ मारणारा आज नाही. त्या दिवसानंतर माणूस बदलला."

मेहुणा खांबापाशी होता. त्याच्यासमोर एक जुनं टायर पडलं होतं, त्यावर खडूनं रुपयाएवढा गोल काढलेला. तो काम सुरू करायच्या आधी रोज त्या गोलावर शंभर घाव मारतो, हे मी वर्षभर लांबून पाहत होतो. भोंगा म्हणतो, यानं टायरशी लग्न लावलंय. आमचं बोलणं जवळजवळ नव्हतंच. ती गेली त्या दिवशी त्यानं खांदा दिला, माझ्या मागेच होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता, आणि तेव्हाही आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यानं टायर पायानं बाजूला सारलं आणि घणाचा दांडा माझ्याकडे केला.

"पहिली पाळी तुमची, दाजी. तुम्ही मारा. मी धरतो."

तो गुडघ्यावर बसला. छिन्नी खांबाच्या पायथ्याला टेकवली, पाव वळण फिरवली, हात थांबवले. "हं." मी मारलं. डावा हात दांड्यावर नुसता ठेवल्यासारखा होता, जोर सगळा उजव्यातून, आणि उजव्याची हाडं सकाळच्या ठोशानं ठणकत होती. "हं." काँक्रीटची कपची उडून माझ्या नडगीला लागली. "हं." पाचव्या-सहाव्या घावाला मला त्याचं मनगट दिसलं. बाहेरच्या बाजूचं हाड जरा जास्तच वर आलेलं. तिचं असंच होतं. बांगड्या त्या हाडाशी अडायच्या. सहा वर्षं मी या माणसाबरोबर काम केलं आणि त्याचं मनगट कधी पाहिलं नव्हतं, कारण मारणाऱ्यानं छिन्नीच्या डोक्याखाली बघायचं नसतं. आता मला तेवढंच दिसायला लागलं. "हं." आठ किलो वर जातात तेव्हा मोकळा वेळ मिळतो, फार नाही, एका विचारापुरता. तो विचार दर घावाला तिथे येऊन बसलेला असायचा. इथे मार. चार बोटं डावीकडे. याचं हाड मोडलं की फिट्टंफाट. हा इस्पितळात जाईल, मी फळं घेऊन जाईन. "हं." मग कुणी विचारलं तर म्हणता येईल, दोघंही चुकलो, धंद्यातच आहे ते. "हं." मला त्याचा राग येत होता. ज्याचं आपण वाईट केलं त्याचा जसा राग येतो तसा राग ज्यानं आपलं वाईट केलं त्याचाही येत नाही. तो असा मान खाली घालून, हात पुढे करून बसला होता की मला वाटलं याला ठेचावंच. बटणं उचलायला लावावं. दोन हातांनी छिन्नी धरून, मला, माझ्यासारख्याला हुंकार देतोय म्हणजे काय?

चौदाव्या घावाला घण छिन्नीच्या कडेवर पडला, घसरला आणि त्याच्या हातापासून दोन बोटांवर खांबात बसला. ठिणगी उडाली. डावा हात कच्चा म्हणून तो घसरला की मी घसरवला, हे मला अजून सांगता येणार नाही. त्याचा हात हलला नाही. हलवला असता तर गेला असता. त्यानं वर माझ्याकडे पाहिलंही नाही. छिन्नी नीट केली, पाव वळण फिरवली, थांबला.

"हं," तो म्हणाला.

उरलेले सहा मी कसे मारले मला ठाऊक नाही.

वीस झाले. तो उठला, गुडघे झटकले, घण घेतला. मी बसलो. जमीन कपच्यांनी टोचत होती. छिन्नी गरम होती, तिचं डोकं घावांनी पसरून कुत्र्याच्या छत्रीसारखं झालेलं. उजव्या हातानं ती धरली. डावा हात पोटाशी होता. त्याला म्हटलं, चल. तो आला, छिन्नीला लागला आणि परत गेला. पुन्हा आणला. बोटं मिटेनात. ती बोटं तिनं एकेक करून उलगडली होती, आणि आता ती मिटायला तयार नव्हती. पाठीवरून घाम कमरेपर्यंत आला. वर घण होता, तो मला दिसत नव्हता, पण सव्वा वर्ष जो माझ्या डोक्यात पडत होता तो हाच, याच माणसाच्या हातातला.

"दाजी," तो वाकून हळू म्हणाला, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "भिऊ नका. त्या दिवशी चुकलो. आता नाही चुकणार. रोज टायर मारतो. एवढ्याशा गोलावर, शंभरातला एक बाहेर जात नाही. ताईला सांगायचं होतं, की मी आता नीट मारतो. ते राहिलं."

मी छिन्नीकडे बघत म्हटलं, "तू चुकला नव्हतास."

"असू द्या हो."

"असू द्या नाही. ऐक. मी हं आधी म्हटलं. छिन्नी मग फिरवली. तुझा घण बरोबर होता."

ढिगाऱ्यावर भोंगा कुणाला तरी हाका मारत होता. पाण्याचा पाइप कुठेतरी गळत होता. मला तिथे थांबता आलं असतं. पण तव्यानं बेसिन फोडताना जसं पहिल्या तड्याशी थांबता आलं नव्हतं तसंच झालं.

"इस्पितळात ती तुझं विचारत होती. तो आला होता का म्हणून. तू खाली शेडपाशी होतास. मला दिसत होतास. मी नाही म्हटलं."

आधी त्याच्या घशातून एक आवाज आला. मग घण गेला. माझ्या डोक्यावरून नाही, बाजूनं. त्यानं वळून तो सगळ्या अंगानिशी खांबावर घातला, छिन्नी नाही, हुंकार नाही, काही नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. काँक्रीटचा पोपडा माझा कान चिरत गेला. पलीकडच्या भिंतीवरून चुन्याचा पापुद्रा खाली आला. मी जागचा हललो नाही. धैर्य नव्हतं ते, पायच नव्हते. मुकादम लांबून ओरडला, "अरे ए! पलीकडे लोकांचे डोळे तपासतायत! फोडशील एखाद्याचा!" भोंगा म्हणाला, "टायर समजला वाटतं!" कुणीतरी हसलं. मेहुणा घण खाली टेकवून उभा राहिला. तो गेटाकडे जाईल असं मला वाटलं. मुकादमाला जाऊन सांगेल, ओरडून सगळ्यांना सांगेल, असं वाटलं. त्यानं मला लाथ घालावी अशी मी वाट बघत होतो. सकाळच्या म्हाताऱ्यासारखं याला काही बोलू देऊ नको, एवढंच मनात म्हणत होतो.

तो परत आला. पाय फाकवून आपल्या जागेवर उभा राहिला. त्याचे बूट मला दिसत होते, धुळीनं पांढरे, डाव्याची नाडी सुटलेली.

"धरा," तो म्हणाला. नुसतंच. दाजी नाही.

"तू मारणार?"

"धरा. हं तुम्ही म्हणायचंय. त्याच्या आधी मी मारणार नाही."

कानाचं रक्त मानेवर येत होतं, कोमट. मला उठून जाता आलं असतं. मुकादमानं रस्ता सांगितलाच होता, उद्यापासून येऊ नका. घरी जाऊन दार लावून बटणं मोजत बसता आलं असतं, जन्मभर, एका डब्यातून दुसऱ्यात. या माणसाचा घण सरळ पडतो हे मला साऱ्या जगात सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तो कुठे सरळ पाडायचा हे आता त्याचं त्यानं ठरवायचं होतं. मी वर पाहिलं नाही. धरणाऱ्यानं वर पाहायचं नसतं. डावा हात पोटापासून सोडवला, टेबलावर ठेवायचो तसा पुढे आणला आणि छिन्नीवर ठेवला. बोटं मिटली. एक, दोन, तीन, चार, अंगठा. आधी पाव वळण फिरवली. मग हात थांबवला. थांबल्याची खात्री केली.

"हं."

घाव पडला. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, दात एकमेकांवर आपटले. हात होता. छिन्नी बोटभर आत गेली होती. तो असा कधी मारत नसे. फिरवली, थांबवली. "हं." पुन्हा. प्रत्येक घाव आधीच्यापेक्षा जड होता आणि प्रत्येक छिन्नीच्या डोक्यावर मधोमध, रुपयाएवढ्या गोलात. "हं." तो रडत होता की शिव्या देत होता, घावाबरोबर तोंडातून काहीतरी बाहेर पडत होतं. "हं." माझा हात थरथरत होता, पण तो दोन घावांच्या मधे थरथरायचा आणि हुंकाराच्या वेळी थांबायचा. "हं." लाटणं असं पडायला हवं होतं. असा आवाज यायला हवा होता. मी मोजत होतो. अकरा. बारा. खांबातली सळई उघडी पडली. सोळा. डाव्या पंजात जुन्या जागी कळ उठली, आणि ती नुसती कळ होती. अठरा. एकोणीस.

विसावा पडला. इथे थांबायचं असतं. धरणाऱ्यानं उठायचं असतं, घण घ्यायचा असतो, मारणाऱ्यानं खाली बसायचं असतं. तो घण वर धरून उभा राहिला. त्यालाही मोजता येतं. मी उठलो नाही. माझ्या मनगटावर वरून एक थेंब पडला, मग दुसरा.

मी छिन्नी पाव वळण फिरवली. हात थांबवला.

"हं," म्हटलं.